टांझानियाला जायचं ठरलंय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा “बरं” म्हणून गप्प झाले असते आणि आईने रात्र जागून काढली असती, म्हणून लिहिते. टांझानियात तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण देण्याचं काम मी स्वीकारलंय. एक वर्षासाठी. सहीसुद्धा झाली. तुम्ही “नको” म्हणाला असतात तर माझा पाय निघाला नसता.

बाबा विचारणार, आपल्याकडे काय कमी आहे? कमी आहेच. इमर्जन्सी मेडिसिनला, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या शाखेला, आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली तीच मुळी २००९ मध्ये. टांझानियात दार-ए-सलाम शहरातल्या मुहिंबिली रुग्णालयात २०१० ला आपत्कालीन विभाग सुरू झाला, आता तिथून त्यांचेच तज्ज्ञ तयार होतात. पण तिथल्या लहान गावातल्या दवाखान्यात रात्री अपघाताचा पेशंट आला की समोर असते एखादी नर्स. अशांसाठीच जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०१८ मध्ये पाच दिवसांचा अभ्यासक्रम काढला. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास नीट चालतोय का, रक्तस्राव कुठे आहे, शुद्ध कितपत आहे, मग कपडे बाजूला करून अंगभर तपासणी. दर वेळी हाच क्रम. त्याला सीटी स्कॅन लागत नाही, हात बसलेला लागतो.

आई, पर्वतीच्या पायऱ्यांवर माझी हनुवटी फुटली होती, तेव्हा तू पदराचा बोळा करून दाबून धरलास. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत एकदाही उचलून पाहिलं नाहीस. मी वर्गात हेच घोकून घेते : दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. तुला कुणी शिकवलं होतं गं?

आणि मी तिथे पेशंट तपासत बसणार नाहीये, शिकवणारे तयार करणार आहे. नुसतं शिकवून परत आलं तर शिकलेल्या नर्सची बदली होते आणि दवाखाना होता तिथेच राहतो. म्हणून तिथल्याच चांगल्या नर्सेसनी पुढचे वर्ग घ्यायचे, मी मागच्या बाकावर बसायचं. वर्षाअखेर त्यांना माझी गरज उरता कामा नये. अप्पाकाकांच्या त्या रात्रीनंतर मला दुसरं काही मनापासून करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

जेवणाची काळजी नको. दार-ए-सलाममध्ये गुजराती वस्ती जुनी आहे, तूरडाळ मिळते, चपाती तर तिथले लोकही खातात. मच्छरदाणी आणि मलेरियाच्या गोळ्या घेतल्यात. ते आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तुमची जेवणं आटोपली की मी कामावरून आलेली असेन. रोज फोन करीन.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी “आज बरं वाटतंय” म्हणून चुकवायची नाही, आणि संध्याकाळनंतर कर्वे रस्त्याला स्कूटर काढायची नाही. छातीत जड वाटलं, घाम फुटला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका. आधी १०८, मग मला फोन. कुलकर्णीकाकूंकडे एक किल्ली ठेवा. आई, गुडघ्याचा व्यायाम स्वतःसाठी कर, मला सांगण्यापुरता नको. दादा महिन्यातून एकदा येणार आहे, मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

रविवारी येते. पुरणाचा घाट घालू नकोस, मुगाची खिचडी पुरे. बाबा, रागावला असलात तरी शनिवारी उपाशीपोटी शुगर तपासून घ्या, मी आल्या आल्या रिपोर्ट बघणार आहे.

तुमची,
चिमी