बेटावरच्या बंदर-शहराच्या रोल-प्लेइंग गेम बॉक्स सेटबद्दल (पुस्तक आणि नकाशे) तक्रार (तिसरी मेल, आणि "काल्पनिक आहे" हे उत्तर परत नको)

नमस्कार सपोर्ट टीम,

ऑर्डर नंबर सब्जेक्टमध्ये टाकलाय, बिलाचा फोटो जोडलाय, त्यामुळे तेवढं परत मागू नका प्लीज. पहिल्या मेलला ऑटो-रिप्लाय आला. दुसरीला कोणीतरी खऱ्या माणसाने उत्तर दिलं की हे काल्पनिक जग आहे, वास्तवाशी तुलना अपेक्षित नाही, आणि खाली एक हसरा इमोजी. त्या इमोजीमुळेच आज एवढं लिहायला बसलेय.

आधी चांगलं सांगते, म्हणजे मी नुसती भांडायला आलेय असं वाटायला नको. कव्हरवरचं चित्र जबरदस्त आहे. ती संध्याकाळची गोदी, डोलकाठ्यांचं रान, मागे डोंगरावर दिवे, ते बघूनच मी बॉक्स घेतला. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, मी गेम मास्टर, म्हणजे पुस्तकावरून गोष्ट चालवणारी, बाकी चौघं एकेक पात्र घेऊन खेळणारे, आणि वर्षभर आम्ही तेच ते जंगल आणि तेच ते तळघर खेळून कंटाळलो होतो. तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं "जिवंत, श्वास घेणारं व्यापारी बंदर". श्वास घेत असेल, पाणी पीत नाही एवढं नक्की.

तिसऱ्या खेळात झालं काय, की पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी, एका खानावळीत लपून बसलेली, मी मस्त वातावरण तयार केलेलं, बाहेर पहारेकरी वगैरे, आणि आमच्यातला एक जण, जो नोकरीत इमारतींच्या पाइपलाइनी डिझाइन करतो, त्याने सहज विचारलं की या शहरात पाणी कुठून येतं. मी पुस्तक उघडलं. 212 पानं. खानावळींना 14 पानं, चोरांच्या संघटनेला 9, समुद्री चाच्यांच्या राजाला एकट्याला 22. पाणी म्हणून शोधलं तर चौकात एक कारंजं, त्यावर जलपरीचा पुतळा, आणि "प्रेमिकांची भेटण्याची आवडती जागा" एवढंच. मी म्हटलं विहिरी आहेत. तो म्हणाला नकाशा बघ, बेट दीड किलोमीटर रुंद, नदी नाही, ओढा नाही, सगळा कातळ, विहीर खणलीस तरी गोडं पाणी किती लागणार. मग त्याने सांगितलं की छोट्या बेटाखाली पावसाचं गोडं पाणी मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, पण त्याला जमीन झिरपणारी लागते, आणि तिथेही फार उपसा केला की खालून खारं वर येतं आणि विहीर बाद. (ही गोष्ट पुस्तकात असती तर केवढी भारी भानगड झाली असती विचार करा, कोणीतरी श्रीमंत माणूस जास्त उपसतोय आणि शेजारच्या वाडीच्या विहिरी खाऱ्या होतायत.)

मला काही सुचेना, मी म्हटलं जादू. आणि तिथे मी संपले. कोण करतं जादू? एकच माणूस? राहतो कुठे? पहारा किती? त्याला उचलला तर? मला जागच्या जागी एक म्हातारा पाण्याचा जादूगार तयार करावा लागला आणि पुढच्या तासाभरात तो पोत्यात भरून जहाजाच्या तळाशी होता. तुमच्या पुस्तकाप्रमाणे शहरात साठ हजार लोक. एका माणसाला पिण्याला आणि रांधण्याला मिळून दिवसाला फक्त पाच लिटर धरले तरी रोजचे तीन लाख लिटर. माझ्या पार्टीने तिसऱ्या खेळातच अख्खं शहर खिशात घातलं, आणि तो 22 पानांचा चाच्यांचा राजा, जो दहाव्या खेळात वाजतगाजत यायचा होता, तो बादली घेऊन रांगेत उभा. त्याचे सगळे आकडे, तलवारी, शाप, काहीही उपयोग नाही हो, माणसाला तहान लागलेली.

आता तुमच्या "वास्तवाशी तुलना" या मुद्द्यावर येते. खऱ्या जगात अशी शहरं होती आणि ती तुमच्या पुस्तकापेक्षा जास्त विचित्र होती, म्हणून राग येतो. होर्मुझ घ्या. इराणच्या आखाताच्या तोंडावरचं बेट, मिठाचे डोंगर, गोडं पाणी जवळपास नाहीच, आणि तरी एवढं श्रीमंत बंदर की 1515 मध्ये पोर्तुगीजांनी ते ताब्यात घेतलं आणि 1622 पर्यंत सोडलं नाही. पाणी होड्यांतून बाहेरून यायचं, बाकी पावसाचं टाक्यांत साठवायचं. म्हणजे ज्याच्या हातात त्या पाण्याच्या होड्या त्याच्या हातात होर्मुझ! व्हेनिसमध्ये तर पाण्यात शहर आणि प्यायला पाणी नाही. तिथल्या चौकांत ज्या विहिरी दिसतात ना, त्या विहिरी नाहीतच, खाली मातीने लिंपलेलं टाकं असतं, त्यात वाळू, चौकातलं पावसाचं पाणी वाळूतून गाळून मधल्या नळकांड्यात येतं आणि वरून बादलीने काढायचं. नळाचं पाणी मुख्य जमिनीवरून आलं ते 1884 मध्ये. तुमच्या जलपरीखाली असं एक टाकं काढलं असतं तर एका परिच्छेदात काम झालं असतं. हिशोब पण सोपा आहे, शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला मीटरभर पाऊस पडला तर लाखभर लिटर, काहीही वाया गेलं नाही तर पन्नासेक माणसांचं वर्षाचं पिण्याचं पाणी. छपरांचा कर, टाक्यांचे चौकीदार, टाक्यात विष कालवणारा, सगळं आपोआप तयार होतं, लेखकाला वेगळं डोकं चालवायला नको.

धान्याचंही तेच. माणशी अर्धा किलो धरला तर रोज 30 टन. शंभर टन माल नेणारं गलबत असेल तर दर तीन दिवसाला एक फक्त धान्याचं यायला हवं, आणि महिनाभर वादळाने वाट अडवली तर दंगल. तुमच्या आयात मालाच्या यादीत काय आहे? रेशीम, मोती, ड्रॅगनची अंडी, "गूढ मसाले". धान्य नाही. लाकूडही नाही, आणि नकाशावर बेटावर झाड एक नाही, तरी जहाज बांधायची गोदी मात्र चार-चार. व्हेनिसने नुसत्या वल्ह्यांसाठी बीचच्या झाडांचं एक आख्खं जंगल राखून ठेवलं होतं.

बरं, आता चंद्र. तुमच्या जगाला दोन चंद्र आहेत, त्यांचे सण आहेत, त्यांच्या पुजारिणी आहेत, कपड्यांचे रंग आहेत, आणि समुद्र मात्र बादलीतल्या पाण्यासारखा गप्प. अहो बंदर आहे ना ते? एका चंद्रावर आपल्याकडे साधारण दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. भरती आणणारी सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, तरी ती जोडीला आली की उधाण येतं, मग दुसरा चंद्र आला की काय होईल? दोन्ही चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की धक्क्यावरच्या वखारींत पाणी, आणि ते कधी हे ज्याला माहीत तो राजा. पान 131 वर तुम्हीच लिहिलंय की चोरांनी "ओहोटीच्या वेळी" गटाराच्या तोंडातून आत शिरायचं. कधी असते ओहोटी? माझ्या खेळणाऱ्यांनी विचारलं, मी फासे टाकले. फासे! भरती-ओहोटीसाठी! आणि दुसरा चंद्र लांब ठेवला असता तरी चाललं असतं, ही ओढ अंतराच्या घनाने कमी होते, दुप्पट लांब नेला की आठवा हिस्सा उरतो, एका ओळीत सुटणारा प्रश्न होता.

नकाशाच्या कोपऱ्यात वाऱ्याचा बाण काढलाय, वारा पश्चिमेकडून. आणि बंदराचं तोंड कुठे? पश्चिमेला. सरळ वाऱ्याच्या आणि लाटांच्या तोंडावर, आडवा बांध नाही, मागे कडा. म्हणजे शिडाचं जहाज आत येताना फुकट येईल, थांबता आलं नाही तर कड्यावर आपटेल, आणि बाहेर जायचं तर वाऱ्याच्या नाकासमोर जायला लागेल, जे कुठल्याच शिडाला जमत नाही, चौकोनी शिडाला तर अजिबात नाही, होड्यांनी ओढत न्यावं लागेल. पूर्वेला मस्त आडोशाची खाडी आहे, तिथे तुम्ही स्मशान ठेवलंय. मेलेल्यांची सोय उत्तम.

त्यात पुस्तकात एक वाक्य असं की "सहा महिन्यांनी वारे दिशा बदलतात", आणि पुढे काहीच नाही! मला हे वाक्य वाचून रडू यायचं बाकी राहिलं. कारण हेच तर सगळं आहे. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटाला अरबस्तानातली गलबतं ईशान्येच्या वाऱ्यावर यायची आणि एप्रिलनंतर वारा नैऋत्येचा झाला की त्यावर परत, मधल्या काळात व्यापाऱ्याने काय करायचं? थांबायचं. महिनोन् महिने. खोली भाड्याने घ्यायची, उधारी करायची, भाषा शिकायची, लग्नं करायची, तिकडे एक घर इकडे एक घर. शहर अर्धं वर्ष तुडुंब, अर्धं वर्ष ओस. ज्या खुन्याला पकडायचंय तो वारा फिरेपर्यंत बेटाबाहेर जाऊच शकत नाही, आणि वारा फिरायला अकरा दिवस राहिलेत. बघा, मला मेल लिहिता लिहिता सुचलं, तुमच्या टीमला 212 पानांत सुचलं नाही.

जकातीवर एक ओळ आहे, "अधिकारी लाच खातात". ठीक, खात असतील, पण कर किती, कोणाकडून, मालावर की जहाजावर? 15व्या शतकात मलाक्कात (आजच्या मलेशियातलं बंदर, ते बेट नाही, माहितीये) चार शाहबंदर असायचे, म्हणजे बंदरावरचे अधिकारी, एक फक्त गुजराती व्यापाऱ्यांचा, एक बंगाल-पेगूकडच्यांचा (पेगू म्हणजे ब्रह्मदेशातलं), एक जावा-मोलुक्काकडच्यांचा (आजच्या इंडोनेशियातली बेटं), एक चीनकडच्यांचा. ज्याचा त्याचा माणूस. परक्या बंदरात उतरल्यावर आधी आपल्या शाहबंदराला गाठायचं. यातून किती भांडणं, किती राजकारण निघतं. तुमच्याकडे एक "हार्बर मास्टर" आहे, तो एक डोळ्याचा आहे, आणि त्याच्याबद्दल एवढीच माहिती आहे.

आणि भाव! व्यापारी शहराच्या पुस्तकात भावांची यादी मूळ नियमांच्या पुस्तकातून जशीच्या तशी उचललीय. मिरी इथे पण तेवढीच, डोंगरातल्या खेड्यात पण तेवढीच. मग लोक जहाजं घेऊन मरायला कशाला निघतात? माझ्या बहिणीने खास व्यापारी पात्र घेतलं होतं, तिने दोन खेळांत खरेदी-विक्री करून एकही नाणं कमावलं नाही आणि आता ती पात्र बदलतेय, योद्धा घेतेय.

काचेच्या भट्ट्या डांबराच्या कोठाराला लागून आहेत हे मुद्दाम केलंय का? असेल तर टाळ्या. नसेल तर सांगते, व्हेनिसने 1291 मध्ये आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. साथीच्या रोगाचं जहाज आलं तर काय, हेही कुठे नाही, आजच्या क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने (तेव्हाचं रागुसा) 1377 मध्येच साथीच्या गावाहून आलेल्यांना 30 दिवस वेगळं थांबवायचा नियम केला होता, पुढे त्याचे चाळीस झाले आणि त्यावरूनच (इटालियनमध्ये चाळीस म्हणजे क्वारंता) क्वारंटाइन हा शब्द आला. तुमच्या नकाशात बाजूला एक रिकामं टेकाड-बेट आहे, त्याला नाव पण नाही. देऊन टाका की हे काम त्याला.

छपाईच्या चुका पटकन सांगते. मोठ्या नकाशाची घडी बरोबर गोदीवर येते आणि तिथला रंग पहिल्याच दिवशी उडाला. मोठ्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे 50 मीटर, पुस्तकातल्या नकाशावर 200, आणि दोन्हींवर बेट काढलंय मात्र सारख्याच आकाराचं. नकाशावरची घरं आम्ही मोजली, 412 भरली, साठ हजार लोकांना, म्हणजे एका घरात जवळजवळ दीडशे. पान 88 वर "पान 00 बघा" असं आहे. पीडीएफचा कोड "आधीच वापरलेला" दाखवतो, मी तर स्क्रॅचसुद्धा केला नव्हता.

मला फँटसी नको असं नाहीये हे एकदा समजून घ्या. ड्रॅगन येऊ दे, जलपऱ्या येऊ दे, जादूने समुद्राचं गोडं पाणी करा, माझी ना नाही. पण मग जो ते करतो त्याचं नाव लिहा, तो किती घेतो ते लिहा, त्याला ताप आला तर शहराचं काय होतं ते लिहा. जादू म्हटलं की प्रश्न संपत नाहीत हो, टेबलावर बसलेल्या माणसांचे तर तिथूनच सुरू होतात, आणि उत्तरं मला द्यायला लागतात, तुम्हाला नाही.

मला हवंय काय ते स्पष्ट लिहिते. नकाशा बदलून द्या, घडी दुसरीकडे घालून. चालणारा पीडीएफ कोड द्या. आणि पाणी, वारा, भरती-ओहोटी, जकात आणि भाव एवढ्यावर दहा-बारा पानांची दुरुस्ती-पुरवणी काढा, फक्त मला नको, ज्यांनी ज्यांनी हा बॉक्स घेतलाय त्या सगळ्यांना मोफत पाठवा. हे पंधरा दिवसांत जमणार नसेल तर बॉक्स परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, पाठवायचा खर्च तुमचा. उत्तर माणसाने लिहिलेलं असावं आणि शक्यतो ज्याने पुस्तक वाचलंय अशा माणसाने.

आमचा पुढचा खेळ येत्या शनिवारी आहे. जादूगार अजून पोत्यात आहे, पार्टी बादलीमागे तीन सोन्याची नाणी घेतेय आणि आता त्यांना तुमचा एक डोळ्याचा हार्बर मास्टर नोकरीला ठेवायचाय, तर निदान त्याचा पगार किती ते तरी शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची (अजूनपर्यंत) ग्राहक