भेटीची वेळ कोणी ठरवली?

प्रिय ताई,

समाजकार्याच्या अभ्यासक्रमातल्या क्षेत्रकार्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका फाइलवर ‘बदलाची इच्छा नाही, असहकार’ असा शेरा मारला होता. ती बाई लागोपाठ चार वेळा समुपदेशनाला आली नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलंत: ‘भेटीची वेळ कोणी ठरवली?’

वेळ सकाळी अकराची होती, संस्थेच्या सोयीची. ती रोजंदारीवर. आमच्याकडे यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. मग तुम्ही ‘असहकार’वाल्या सगळ्या फाइली कपाटातून काढायला लावल्यात. नऊ निघाल्या. त्यातल्या सात जणी रोजंदारीवर होत्या.

जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमरचा १९३७ चा निबंध मी परीक्षेपुरता वाचला होता. अभ्यास करणारा समाजाच्या बाहेर उभा नसतो, तोही त्याच व्यवस्थेचा भाग असतो, हे उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले होते. समाजव्यवस्थेची चिकित्सा करणाऱ्या त्याच्या ‘क्रिटिकल थिअरी’चा तो मुद्दा माझ्या स्वतःच्या अक्षरातल्या शेऱ्याला लागू होतो, हे त्या टेबलाशी कळलं. व्यवस्थेची अडचण मी एका बाईचा स्वभाव म्हणून नोंदवली होती.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी. मी पेटून उठले होते. एकेकीशी बोलत बसणं म्हणजे मलमपट्टी, आता अर्ज करून थेट धोरणावरच काम करायचं, असं म्हणत होते. तुम्ही म्हणालात, “अर्ज मंजूर होईपर्यंत तिच्या घरात रोज रात्र होणार आहे. आधी तिला भेट.” संध्याकाळी गेले. ती तासभर बोलली. तिच्यासारख्या आणखी बायका आहेत हे सांगितलं, तर म्हणाली, “मग आम्हाला भेटवा ना.” तेव्हाही तुम्ही घाई करू दिली नाहीत, प्रत्येकीची वेगवेगळी परवानगी घ्यायला लावलीत. दोघींनी नकार दिला. त्यांचं समुपदेशन पूर्वीसारखंच एकेकीशी चालू राहिलं, आणि तेही तितकंच मोलाचं होतं.

उरलेल्या जणींनी संस्थेकडे अर्ज केला. भेटींसाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मिळाल्या. मसुदा मी लिहिला होता. त्यातला ‘लाभार्थी’ हा शब्द त्या पहिल्या बाईने खोडायला लावला आणि वर ‘आम्ही’ लिहायला सांगितलं. तो कागद मी जपून ठेवलाय, ताई. भेटले की दाखवीन.

तुमची विद्यार्थिनी