बॉम जिझसचा गिलावा गेला कुठं, ते गाईड का सांगत नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओल्ड गोव्याबद्दल पेपरात वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा फेस्ताची, म्हणजे चर्चच्या जत्रेची, गर्दी, पार्किंग नाहीतर सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाची तयारी, नी ते छापायलाच पाहिजे, पण मला तिथल्या गाईड लोकांबद्दल लिहायचंय. ते जे सांगतात त्याबद्दल फार तक्रार नाही, जे सांगत नाहीत त्याबद्दल आहे. पत्र लांब होणार हे आधीच सांगतो, कापायचं झालं तर वाईकर पाहुण्यांचा भाग तेवढा कापू नका.

मी डिचोली तालुक्यातला. वडिलांची चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, होती, मी पुढं बांधकामाची कंत्राटं घेतली, थोडक्यात सगळा जन्म चिऱ्यातच गेला. ओल्ड गोव्यावरून पणजीला किती वेळा गेलो असेन त्याचा हिशोब नाही, 3 डिसेंबरला सायबाच्या, म्हणजे सेंट झेवियरच्या, फेस्तालाही जातो, त्यात आमच्याकडे कोण हिंदू कोण ख्रिश्चन असं कुणी बघत नाही, दर्शन घ्यायचं, खाजं बांधून घ्यायचं नी घरी यायचं. पण त्याचं शव ठेवलंय ते चर्च, बॉम जिझस बॅसिलिका, अशी सावकाश, कुणीतरी दाखवतंय नी आपण बघतोय, अशी कधी बघितली नव्हती. रोजच्या वाटेवरचं देऊळ बघायचं राहून जातं तसंच.

दिवाळीच्या सुट्टीत बायकोच्या माहेरची मंडळी वाईहून आली, सासूबाई, थोरले मेव्हणे म्हणजे दादा, वहिनी नी दोन पोरं. मंगेशी झाली, शांतादुर्गा झाली, बीच झाला, मग ओल्ड गोवा. दादा म्हणाले, भाऊजी, आपण गाईड करूया, नाहीतर नुसते फोटो काढून येऊ. पार्किंगमध्ये गळ्यात कार्ड लटकवलेला एक पोरगा भेटला, पंचविशीचा असेल, पाचशे रुपये ठरले, पाऊण तास म्हणाला. मराठी समजतं पण बोलता येत नाही, हिंदी चालेल का म्हणाला. चालेल म्हटलं. सांगून टाकतो, बायकोने घड्याळ लावलं होतं, पाऊण तासाची टूर बावीस मिनिटांत आटपली.

त्या बावीसातली पंधरा तरी मिनिटं सायबाच्या शवावर गेली. पोरगा बोलायला तरबेज. सेंट झेवियर 1542 साली गोव्यात आला, चीनच्या दारात एका बेटावर 3 डिसेंबर 1552 ला वारला, तिथं पुरताना हाडं लवकर मोकळी व्हावीत म्हणून पेटीत चुना भरला, तरी शरीर कुजलं नाही, मग मलाक्का, मग 1554 मध्ये गोवा. एका बाईने भक्तीच्या भरात पायाचं बोट चावून नेलं ती गोष्ट तर त्याने दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा खास पोरांसाठी. उजवा हात कोपरापासून कापून रोमला नेला तेही सांगितलं. मी नंतर घरी पडताळून बघितलं, तारखा बरोबर होत्या, आणि माणसं आत येतात ती मुळात त्यासाठीच, वर मान करून त्या चांदीच्या पेटीकडे बघतात नी हात जोडतात, सासूबाईंनीही जोडले. त्यात मला काही खटकलं नाही.

खटकलं ते पेटीपाशी. पोरगा म्हणाला, ये सब इटली से आया है. आता खालचा संगमरवरी चबुतरा इटलीहून आला हे खरं, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला, 1698 मध्ये इथं बसवला. पण वरची चांदीची पेटी त्याच्या साठ वर्षं आधीची, 1637 च्या सुमाराची, नी ती गोव्याच्या चांदीकारांनी घडवलीय. म्हणजे वाईहून आलेल्या माणसाला गोव्यात उभं करून गोव्याच्याच कारागिरांचं काम इटलीच्या नावावर खपवलं. चिडून नाही लिहीत, पण लागलं जरा.

मग बाहेर आलो. समोर रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, पोराने हात करून दाखवलं, दोन मनोरे होते त्यातला एक 1776 मध्ये पडला, परत बांधला नाही, इथून फोटो छान येतो. संपलं. तेवढ्यात दादांनी विचारलं, बाकीची चर्चं पांढरी, मग हेच एक असं लाल का? प्रश्न अगदी साधा, कुणालाही पडेल असा. पोरगा म्हणाला, ये पहले से ही ऐसा है साब, बहुत मजबूत पत्थर है, प्लास्टर की जरूरत ही नहीं पडी.

इथं मात्र मला राहवेना.

संपादकसाहेब, बॉम जिझसला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. 1594 मध्ये काम सुरू झालं, 1605 मध्ये चर्च पवित्र केलं, तेव्हापासून साडेतीनशे वर्षं बाकीच्या चर्चांसारखा याच्याही अंगावर गिलावा होता, जुन्या फोटोंत भिंती पांढऱ्या दिसतात. तो काढला 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवट असतानाच, दगड उघडा दिसला म्हणजे इमारत जास्त जुनी नी भारदस्त वाटते या हौसेने. आज ज्याला आपण जुनं रूप म्हणतो ते माझ्या थोरल्या भावाच्या वयाचं आहे.

आणि हे कागद न बघताही कळतं. मी दादांना बाजूच्या भिंतीपाशी घेऊन गेलो. उघडी ठेवायची भिंत असते ना, तिचा चिरा चारी बाजूंनी तासून घेतात, सांधा बारीक ठेवतात, गवंडी तिथं आपली इज्जत लावतो. गिलाव्याखाली जायची भिंत असली की चिरा ओबडधोबड चालतो, सांध्यात चिपा कोंबल्या तरी चालतात, वरून चुना सगळं झाकणार असतो. इथल्या भिंतीतले सांधे बघा, कुठं बोटभर, कुठं दोन बोटं. दिसायला ठेवलेलं काम असं कुणी करत नाही. मग कमरेएवढ्या उंचीवर एका चिऱ्यावरून मी नुसतं बोट फिरवलं, दाबलंही नाही, नी ते दादांच्या डोळ्यांसमोर धरलं. लाल पीठ. तिखटाच्या बरणीत बोट घालून काढावं तसं. धाकटा पोरगा लगेच म्हणाला मी पण करतो, त्याला अडवलं, कारण असंच प्रत्येकाने करत गेलं तर भिंत घरोघरी जाईल.

चिरा म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढला की मऊ, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, मग हवेवर ठेवला की कडक होतो, पण भोकं भोकं असतातच नी त्यात पाणी बसतं. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही सरळ नाही, आडवा, वाऱ्यासकट. माझ्या आज्याच्या घराला पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्याआधी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, दरवर्षी, न चुकता. घराला झापं नी एवढ्या मोठ्या चर्चला काहीच नाही, सत्तरएक पावसाळे उघड्या अंगाने काढलेत बिचाऱ्याने. चुन्याचा गिलावा म्हणजे काय तर भिंतीचा रेनकोट, तो झिजायचा नी परत लावायचा, झिजला तर तो झिजतो, दगड नाही.

आता गंमत बघा, शवपेटीतला चुना गाईडला पाठ, भिंतीवरचा चुना त्याने ऐकलेलाच नाही.

वाईकरांचा भाग आता. समोरच्या दर्शनी भागावर खांब, नक्षी, वर येशूसंघाची, म्हणजे जेझुइट पाद्र्यांची, आय-एच-एस ही अक्षरं, त्यातलं बारीक कोरीव काम चिऱ्यात होत नाही, चिरा तसा नाजूक घाव घेत नाही, फुटतो. म्हणून तिथं काळा दगड वापरलाय नी तो आणलाय वसईहून. समुद्रातून, चारशेहून जास्त किलोमीटर. तेव्हा वसईही पोर्तुगीजांकडेच होती. हे मी सांगितलं नी दादा एकदम थांबले. म्हणाले, वसई म्हणजे चिमाजीअप्पांची वसई? म्हटलं तीच, 1739 ला घेतली ती, पण हा दगड त्याच्या दीडशे वर्षं आधी निघालाय. तर दादा म्हणाले, भाऊजी, आमच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाटावर मोठी घंटा आहे ना, ती वसईचीच, चर्चमधली, अप्पांच्या मोहिमेनंतर आलेली, लहानपणी आम्ही नदीवर पोहायला गेलो की ती वाजवून पळायचो. म्हणजे वसईची घंटा आमच्याकडे नी दगड तुमच्याकडे. मग ते परत मागे गेले, लांब उभे राहून तो दर्शनी भाग खालून वर असा बघितला, दहा मिनिटं तरी. आत शवापाशी ते दोन मिनिटंसुद्धा थांबले नव्हते. वहिनी गाडीत बसून हाका मारत होत्या.

हे मी लिहितोय ते यासाठी की दगडमातीचं कुणाला काय पडलंय, लोकांना गोष्ट पाहिजे, असं उत्तर हमखास मिळतं. अहो ही गोष्टच आहे. सांगणारा पाहिजे.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, अंकल, सब लोग बॉडी का पूछते हैं, दीवार का आज तक किसीने नहीं पूछा. खरंच असणार. त्याला कुणी शिकवलेलं नाही, आधीच्या गाईडचं ऐकून हा शिकला, ह्याचं ऐकून पुढचा शिकेल, नी प्लास्टर की जरूरत नहीं पडी हे वाक्य अजून पन्नास वर्षं चालेल. उलट पोरगा हुशार आहे, मी वसईचं सांगत होतो तेव्हा त्याने मोबाईल काढला नी म्हणाला, अंकल, वो वसई वाला फिरसे बोलो, नी रेकॉर्ड करून घेतलं. पाचशेला वर पन्नास दिले मी. बायको म्हणाली, शिकवलंत तुम्ही नी पैसेही तुम्हीच देताय.

मला वाटतं गाईडचं कार्ड द्यायच्या आधी या पोरांना एक दिवस, फार नाही, एक दिवस, चिऱ्याचं काम केलेला जुना गवंडी नी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतला जाणकार यांच्याबरोबर त्या भिंतींभोवती फिरवावं. आणि चर्चच्या बाहेर जिथं लोक फोटोला उभे राहतात तिथं गिलावा असतानाचा एक जुना फोटो मोठा करून लावावा, खाली चार ओळी, कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजीत. खर्च किती येणार? युनेस्कोने 1986 मध्ये या चर्चांना जागतिक वारसा म्हटलं, त्या वारशाला एक फोटो जड नाही.

आणि टूर नुसती चर्चच्या दारात संपवू नये, वर टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चपर्यंत न्यावी, चालत दहा मिनिटं लागतात. चढ आहे म्हणून गाईड टाळतात, आमच्यानेही टाळलं, आम्ही आपले आपण गेलो. 1602 चा मनोरा, 46 मीटर उंच, आता त्याचा अर्धा तुकडा उभा आहे. 1835 मध्ये मठ बंद झाला, माणसं गेली, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग नी मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. घंटा तेवढी वाचली, ती आता पणजीच्या चर्चमध्ये. तोही चिराच. बॉम जिझसच्या लाल भिंतीला हात लावून झाला की लगेच हे बघावं, मग गिलावा कशासाठी असतो ते समजावून सांगायला लागत नाही.

परत गिलावा करावा का, हा वाद जुना आहे नी तो जाणकारांनीच मिटवावा. लोकांना लाल चर्चची सवय झालीय, पोस्टकार्डावर, फ्रिजच्या मॅग्नेटवर, सगळीकडे गोवा म्हणजे तेच लाल चर्च, ते पांढरं केलं तर निम्मा गोवा बोंब मारेल, त्यात कदाचित आमचं घरही असेल, बायकोला लालच आवडतं. माझं मत विचाराल तर करावा, पण चुन्याचा, सिमेंटचा नव्हे. सिमेंट मारलं तर आतली ओल आतच अडकते नी चिरा आतून भुसभुशीत होतो, अशी घरं मी स्वतःच्या हातांनी उकललीत. ते काहीही होवो, निदान येणाऱ्या माणसाला खरं तरी सांगा की हे अंग उघडं का आहे.

कळावे,
डिचोलीचा एक जुना चिरेवाला

ता.क. दादांनी वाईला पोचल्यावर मेणवलीला जाऊन त्या घंटेचे सात-आठ फोटो काढून मला पाठवलेत, त्या गाईड पोराला द्या म्हणून. त्याचा नंबर घ्यायचा राहिला. आता पुढच्या आठवड्यात पणजीला जाताना पार्किंगमध्ये त्याला शोधायचाय.