सिस्टर, त्या गाठी तुम्ही ओळखल्यात

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, तुम्ही माझ्यासाठी जवळजवळ पाऊण तास खर्च केलात. त्या दिवशी मी इतका खचलो होतो की तुमचे आभार मानायचेही राहून गेले. आज ते उघडपणे मानतो आहे, कारण इन्सुलिन घेणाऱ्या आणखी कोणाच्या हातून माझ्यासारखीच चूक नकळत होत असेल, तर तुमचे सांगणे त्याच्यापर्यंतही पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तेव्हा माझी उपाशीपोटीची साखर २४०च्या खाली उतरत नव्हती आणि साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी १०.४ टक्के आली होती. सकाळचा डोस १८ युनिटांवरून वाढत वाढत ३४ युनिटांवर गेला होता. मी आधी जेथे जात असे, त्या दवाखान्यात दर वेळी ‘पथ्य पाळा’ एवढेच सांगितले जाई. मी भात सोडला होता, चहा बिनसाखरेचा घेत होतो, तरीही मी चोरून काही खातो की काय, अशी शंका घरच्यांच्या मनात येऊ लागली होती, आणि तिचे मला फार वाईट वाटत असे.

तुम्ही मात्र आहाराचा विषय काढण्याआधीच म्हणालात, “काका, इन्सुलिन कसे घेता ते मला करून दाखवा.” सहा वर्षांत हे मला कोणीही करून दाखवायला सांगितले नव्हते. बाटलीतले इन्सुलिन दर मिलिलीटरला ४० युनिटांचे आहे आणि सिरिंजही त्याच ४० युनिटांच्या मापाची, लाल टोपणाची आहे, हे तुम्ही आधी पाहून घेतलेत, आणि गढूळ दिसणारे इन्सुलिन एकजीव होईपर्यंत बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हळुवार फिरवायची असते, हेही दाखवलेत. मग सदरा वर करायला सांगून बोटांच्या टोकांनी पोट चाचपलेत, तेव्हा बेंबीच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या दोन मऊसर गाठी तुमच्या हाताला लागल्या.

“इथेच का टोचता?” या तुमच्या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, की तेथे दुखत नाही. एकाच जागी वारंवार सुई टोचल्याने आणि तीच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याने त्वचेखाली चरबीच्या अशा गाठी होतात, त्या जागी संवेदना कमी असल्यामुळे माणूस पुन्हा तेथेच वळतो, आणि गाठीत गेलेले इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा, कधी एकदम रक्तात उतरते, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलेत की मला अपराधी वाटलेच नाही. त्या क्षणी मला रडू आले, ते दोष माझ्या पथ्यात नव्हता हे कळल्यामुळे.

तुमच्या दक्षतेचे मला सर्वांत अधिक मोल वाटते ते यापुढच्या गोष्टीसाठी. जागा बदलली की तेच इन्सुलिन पूर्ण लागू पडते आणि साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून मला तसेच घरी न पाठवता तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे नेलेत आणि त्यांनी डोस कमी करून दिला. पोटाचे चार भाग करून दर आठवड्याला एक भाग, दोन टोचण्यांत बोटभर अंतर, बेंबीपासून दोन बोटे दूर आणि दर वेळी नवी सुई, असा क्रम तुम्ही माझ्या वहीत चित्र काढून लिहून दिलात. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मला दरदरून घाम सुटला आणि मीटरवर ६६ आले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा ९४ होते. डॉक्टरांना फोन करून डोस आणखी दोन युनिटांनी उतरवला.

आता माझी उपाशीपोटीची साखर बहुतेक दिवस ११० ते १३०च्या दरम्यान असते, मागच्या महिन्यातली एचबीए१सी ७.३ टक्के आली, आणि सकाळी मला २४ युनिटे पुरतात. एक गाठ जवळजवळ विरली आहे, दुसरी अजून हाताला लागते, म्हणून तेथे मी सुई लावत नाही. तुम्ही काढून दिलेले ते चित्र माझ्या पत्नीने औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे आणि दर रविवारी कोणता भाग चालू करायचा, ते आता तीच मला सांगते.

तुमचा अत्यंत ऋणी,
तुमच्या दवाखान्यातील एक रुग्ण