अक्कांना पत्र, भाकऱ्यांच्या हिशेबासकट

अक्का, सप्रेम नमस्कार.

ओपीडीत सगळे तुम्हाला सिस्टर म्हणतात. आई पहिल्या दिवसापासून अक्का म्हणते, म्हणून मीही तेच लिहितो. मराठी तुम्ही आमच्यासारखंच बोलता, वाचायला तेवढा वेळ लागतो असं म्हणाला होतात. सावकाश वाचा, घाई नाही.

आईच्या हृदयात धातूची झडप बसवून दोन वर्षं झाली. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, त्यात आतली झडप खराब झाली होती, हे आम्हाला कळलं तिच्या पन्नाशीत. ऑपरेशन चांगलं झालं. पण घरी आलेली फाइल इंग्रजीत, सूचनांचा कागद कन्नडमध्ये आणि आईला वाचता येतं फक्त मराठी. कर्नाटकातल्या खानापूरकडच्या आमच्या गावाला याची सवय आहे. तरी रक्ताची गोळी एक दिवस अख्खी, दोन दिवस अर्धी, हे डोक्यात कसं ठेवायचं?

तुम्ही कॅलेंडर आणायला सांगितलंत आणि पेनानं चंद्र काढायला लागलात. अख्ख्या गोळीला पूर्ण चंद्र, अर्धीला अर्धा. आई म्हणाली, "अक्का, ह्यात पौर्णिमा आधीच छापलीय की!" तुम्ही हसत ते खोडलंत आणि भाकऱ्या काढल्यात. अख्खी भाकरी, अर्धी भाकरी. रात्रीची गोळी घेतली की आई त्या भाकरीवर काट मारते, अजूनही.

'रक्त पातळ करायची गोळी' या नावानं तर तिनं पाणी पिणंच कमी केलं होतं, रक्त आणखी पातळ होईल म्हणून! आम्हाला पत्ताच नव्हता, तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं. "पातळ होत नाही री," तुम्ही म्हणालात, "दूध आहे तेवढंच दाट, विरजण कमी पडतं." रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यांना के जीवनसत्त्व लागतं, आणि आईची ॲसेनोकुमारॉलची गोळी नेमकं तेच अडवते. आधी तयार झालेलं विरजण रक्तात आणखी काही दिवस टिकतं, म्हणून आज डोस बदलला तरी फरक दिसायला दोन-तीन दिवस जातात. धातूच्या झडपेवर गुठळी धरून ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. उलट विरजण फारच कमी झालं तर रक्तस्राव. आईसाठी डॉक्टरांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2.5 ते 3.5 ठरवून दिला, तो कशासाठी हे तिला त्या दह्यामुळे पटलं.

पालेभाजी तिनं सोडूनच दिली होती. मेथीत, पालकात के जीवनसत्त्व भरपूर, हे कुणीतरी अर्धवट सांगितलेलं. तुम्ही म्हणालात, खा, पण नेहमी तेवढीच; आठवड्यात दोनदा मेथी तर दर आठवड्यात दोनदाच. थंडीत स्वस्त झाली म्हणून रोज नको.

खरे आभार मात्र गेल्या पावसाळ्यातल्या प्रसंगाचे. माझ्या भाच्यानं मोबाइलवर वाचून घरात जाहीर केलं, ही उंदीर मारायच्या औषधाच्या जातीतली गोळी आहे. आईनं चार दिवस गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि भाकऱ्यांवर काट मात्र मारत राहिली. आयएनआर 1.4. मी तिच्यावर ओरडत होतो. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "खरं आहे ते."

मग ती गाईंची गोष्ट. वर्षं मी नंतर शोधली: 1933 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली गाय आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. बुरशी आलेली वैरण खाऊन जनावरं आतल्या आत रक्त जाऊन मरत होती. त्या वैरणीतल्या पदार्थावरून पुढे वॉर्फरिन आलं, 1948 मध्ये उंदरांसाठी आणि 1954 मध्ये, मोजक्या डोसात, माणसांसाठी. आईची गोळी त्याचीच चुलत बहीण. घरी दोन म्हशी असलेल्या आईचा प्रश्न एकच: "बाकीच्या गाईंचं काय झालं?" तुम्ही म्हणालात, वैरण वेळेत बदलली तर वाचतात. त्या रात्रीपासून गोळी चुकलेली नाही.

गुडघा दुखला तरी दुकानातून परस्पर गोळी आणत नाही, आधी तुम्हाला फोन. एक दिवस चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे ती आता शेजारणीला सांगते. हिरडीतून रक्त किंवा अंगावर निळे डाग दिसले तर लगेच दवाखाना, हेही.

या महिन्यात आयएनआर 2.9 आला. पुढच्या महिन्याच्या भाकऱ्या आईनं स्वतः काढल्यात, जरा वाकड्या. येताना दाखवायला आणतो, आणि रताळीही. रताळ्याला बंदी नाही, हे तुमच्याकडूनच ऐकलंय.

तुमचा,
झडपवाल्या आईचा मुलगा