वरुणतीर्थापर्यंत चालत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात यंदा दहावीला आहे. भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'क्षेत्रभेट'. त्यातली मुलं नळदुर्गाहून अलिबागपर्यंत जातात, वाटेत माती, पिकं, घाट, वस्त्या बघतात. आमची मुलं तो सगळा प्रवास घरी बसून पाठ करतात. शाळेची खरी सहल गेली वॉटर पार्कला. भूगोलाच्या प्रकल्पासाठी स्टेशनरीच्या दुकानातून धरणाची, शेताची छापील चित्रं आणली, कापली, चिकटवली. वहीवर सही झाली.

मी स्वतः भूगोल शिकवून निवृत्त झालो, तेव्हा यातला थोडा दोष माझ्याही पदरात आहेच. पण एका पावसाळ्यात वर्ग चालवत कोल्हापुरातल्या गांधी मैदानावर नेला होता. नेहमीप्रमाणे पाणी तुंबलेलं. का तुंबलं विचारलं तर उत्तर आलं, "गटर चोंदलंय सर." मग शेजारच्या वेशीचं नाव विचारलं. वरुणतीर्थ वेस! तीर्थ म्हणजे तळं, आणि ते तळं बुजवूनच हे मैदान झालं, म्हटल्यावर मागून एकजण ओरडला, "म्हणजे आम्ही तळ्यात क्रिकेट खेळतोय व्हय?" माणूस जमीन कशी बदलतो, हा धडा त्या वर्गाला मी पुन्हा शिकवला नाही. गरजच पडली नाही.

असे धडे शहरभर पडले आहेत. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई भरते. रंकाळा मुळात दगडाची खाण, आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड तिथलाच असं जुनी माणसं सांगत. एके ठिकाणी तळ्याची जमीन झाली, दुसरीकडे खाणीचं तळं झालं. मध्ये चालत फार तर अर्धा तास.

जुलै लागला की पोरासोरांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "पाणी किती फुटावर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, 2019 ला 55 च्या वर गेलं, हे सगळं पाठ. पण तो बंधारा किती जणांनी जवळून बघितलाय? पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पाऊस सरला की पुन्हा घालायचे आणि अडलेल्या पाण्यावर ऊस उभा करायचा, ही 'कोल्हापूर पद्धत' आपल्याच गावाच्या नावाची. तिथून वर आलं की नदीकाठच्या वीटभट्ट्या. मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, माती विटेत जाते आणि वीट चढते त्याच नदीच्या पूरपट्ट्यात भराव टाकून उठवलेल्या घरांवर. हे चित्र दुकानात मिळत नाही.

एक दिवस एसटीने शिरोळ तालुक्यात जावं. पाणी आलं, ऊस आला, पाटाने पाणी पाजत राहिलो आणि निचरा झाला नाही म्हणून जमिनीवर मीठ फुटलं. तीच जमीन पुन्हा पिकाला यावी म्हणून शेतकरी आता शिवारात जमिनीखालून छिद्रांचे पाईप टाकतायत. ते काम चालू असताना मुलांनी बांधावर उभं राहून शेतकऱ्याला खर्च विचारावा.

शाळांची अडचण मला ठाऊक आहे. परवानग्या, पालकांची संमतिपत्रं, आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची. नदीकाठी न्यायचं तर ही काळजी रास्तच, म्हणून ते पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर करावं. पण वॉटर पार्कला नेताना हीच जबाबदारी आपण घेतोच की! गांधी मैदान, कपिलतीर्थ, रंकाळा यांना तर बसही लागत नाही. शनिवारची सकाळची शाळा पुरते. शिक्षण विभागाने वर्षातला असा एक शनिवार भूगोलाला द्यावा आणि चिकटवहीचे गुण त्या दिवशी मुलांनी स्वतः काढलेल्या नकाशाला द्यावेत, एवढीच विनंती.

आमच्या पेठेतल्या कुठल्याही शाळेने निरोप धाडावा. गुडघे कुरकुरतात, पण वरुणतीर्थापर्यंत मी येतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
शिवाजी पेठ, कोल्हापूर