बालीहून, एका वैद्य मित्रास

उबुद, बाली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडच्या वैद्यांना भेटलास की नाही?" फोनवर सांगून भागणारं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. तू वैद्य आहेस, तेव्हा मला जे नुसतं दिसलं त्यातलं तुला बरंच उमगेल.

इथे त्यांना बालियान म्हणतात. पण सगळे बालियान एका माळेचे मणी नाहीत. हाडं बसवणारा बालियान तुलांग वेगळा, बाळंतपण करणारी बालियान मानाक वेगळी, अंगात येऊन पितरांचं म्हणणं सांगणारी बालियान तापाकान वेगळी. आणि ताडपत्रांवरचे ग्रंथ वाचून, गुरूजवळ राहून शिकलेला तो बालियान उसादा. तुझ्या कुळीतला हा. उसादा म्हणजे आपलं औषधच, हे तुला सांगायला नको.

उबुदमध्ये पाहुण्यांसाठी ठराविक पैसे घेऊन हात बघणारे, पाठ दाबून भविष्य सांगणारे बरेच आहेत. त्यांना नावं ठेवत नाही, पण तिकडे जायची इच्छा होईना. बालियान हा मुळात गावाच्या आणि घराच्या उपयोगाचा माणूस. त्याला बघायचं तर कुणाच्या तरी खऱ्या गरजेला जाताना बघावं, असं मनात होतं. तसं घडूनही आलं. आम्ही उतरलोय त्या घरच्या मालकिणीची नात, काही महिन्यांची, रोज मध्यरात्री उठून किंचाळून रडायची. डॉक्टरांनी कान तपासले, पोट तपासलं, वजन बघितलं. सगळं ठीक. मग आजी म्हणाली, आता जेरोंकडे नेऊ. बालियानला आदराने जेरो म्हणतात. ही इथली रोजची रीत आहे. जे डोळ्यांना दिसतं ते सेकाला, न दिसणारं ते निस्काला. दिसणाऱ्यासाठी डॉक्टर, न दिसणाऱ्यासाठी बालियान. एकाकडे गेलं म्हणून दुसऱ्याला सोडलं असं कुणी मानत नाही, आणि डॉक्टरांपासून बालियानचं नाव लपवतही नाहीत.

आम्ही येऊ का म्हटल्यावर आजीने आधी हेच विचारलं की घरात अलीकडे कुणी गेलंय का. बाबांना जाऊन वर्ष होत आलं असं सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. इथेही सुतक असतं आणि सुतकात अशा ठिकाणी जात नाहीत. विटाळशी बाईनेही जायचं नसतं. हिलाही तिने तसं स्पष्ट विचारलं, अगदी आपल्याकडची एखादी आजी विचारते तशा स्वरात. मग आम्हा दोघांना कामेन, म्हणजे इथली लुंगी, नेसवलं, कमरेला शेला बांधला. नारळाच्या पात्याच्या छोट्या चौकोनी द्रोणात रंगारंगाची फुलं, वर उदबत्ती आणि खाली दुमडलेली नोट, असं चानांग तयार केलं. त्या नोटेला सेसारी म्हणतात. किती ठेवायची ते कुणी सांगत नाही. आम्ही एक लाख रुपिया ठेवले. ऐकायला मोठा आकडा, आपल्या हिशोबात पाचशे-साडेपाचशे रुपये.

गाव बांगली जिल्ह्याच्या बाजूला, उंचावर. गावाचं नाव लिहीत नाही, त्या माणसाला गर्दी नको आहे. दारातून आत गेलं की समोर लगेच आडवी भिंत, तिला वळसा घालून अंगण. ईशान्येच्या कोपऱ्यात देवघरांची रांग, मध्ये चारी बाजूंनी उघडा मांडव. तिथे माणसं बसलेली. कुणाच्या पायाला पट्टी, कुणाच्या मांडीवर पोर, एक तरुण मुलगा हेल्मेट हातात धरून मान खाली घालून बसलेला. जेरो सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला पांढरा उदेंग, म्हणजे इथला फेटा, जाड काचांचा चष्मा. आजीच्या जावयाला इंग्रजी येतं, तो आमचा दुभाषी.

पोरीला समोर घेतलं, पण त्यांनी तिला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसतं विचारलं. जन्म कुठल्या वारी? इथे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा आठवडाही चालतो आणि 210 दिवसांचं चक्र असतं. त्या चक्राप्रमाणे वाढदिवस करतात, त्याला ओतोनान म्हणतात. पहिलं ओतोनान झालं का? झालं. मुलगी झोपते कुठे? आईबाप कामासाठी देनपसारला, बालीच्या राजधानीत, भाड्याच्या खोलीत राहतात, शनिवार-रविवारी इकडे. आणि वार कुठे पुरली आहे?

तुला आठवतं, काकू सांगायच्या, तुझी वार परसात पुरली म्हणून? इथे ती नारळाच्या करवंटीत ठेवून घराच्या दाराशी पुरतात. मुलगा असेल तर उजवीकडे, मुलगी असेल तर डावीकडे. वर दगड ठेवतात, काटेरी केतकीचं रोप लावतात. कारण बाळ एकटं जन्मत नाही, त्याच्याबरोबर चार भावंडं येतात, असा समज आहे. वार, गर्भजल, रक्त आणि अंगावरचा तो पांढरा चिकट थर. या चौघांना कांडा पात म्हणतात. ती जन्मभर माणसाला राखतात, पण त्यांना विसरलं तर रुसतात. पोरीची वार आजीच्या दाराशी होती आणि पोर होती देनपसारला. जेरो म्हणाले, आजीने रोज तिथे भाताचा नैवेद्य ठेवावा आणि आई येईल तेव्हा बाळाला घेऊन आधी तिथे थांबावं.

मग मात्र त्यांनी पोरीला नीट तपासलं. पोटावर पालथा हात ठेवून वाट बघत राहिले, जीभ बघितली, आईला काय खातेस म्हणून विचारलं, तिखट कमी कर म्हणाले. त्यांच्या बायकोने पाट्यावर छोटे लाल कांदे आणि डाडापची पानं वाटली. डाडाप म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या जातीचं झाड. त्यात खोबरेल घालून तो लगदा पोट, पाठ आणि तळव्यांना लावला. टाळूवर जांगू उगाळून लावलं. वास आला आणि ही एकदम म्हणाली, "अहो, हे तर वेखंड!" आपल्या घरोघरी बाळंतिणीच्या खोलीत असतं तेच. मी जेरोंना ते सांगायला लावलं तर त्यांनी मान डोलावली, आश्चर्य काही दाखवलं नाही. शेवटी पिवळ्या शहाळ्याचं तोंड कापून, त्यावर मंत्र म्हणून ते पाणी पोरीच्या डोक्यावरून थोडं थोडं सोडलं. पोरगी आधी दचकली, मग जीभ बाहेर काढून थेंब चाटायला लागली.

ती झोपली का, हे तू विचारणारच. त्या रात्री झोपली. दुसऱ्या रात्री पुन्हा उठली. पण घरात धावपळ झाली नाही. आजी उठली, तेल लावलं, मांडीवर घेऊन गुणगुणत बसली, आणि आई झोपून राहिली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा, असं जावई म्हणाला. मला विचारशील तर इलाजाचा मोठा भाग इथेच होता. दूर राहणारी सून, काळजीने पिचलेली आजी, दोघींच्या मनात "आपलंच काही चुकलं" ही टोचणी. जेरोंनी कुणालाच दोष दिला नाही आणि दोघींनाही करायला काम दिलं.

आता माझा खांदा. तुला माहीतच आहे, डावा हात वर जात नाही. आजीनेच तो विषय काढला. जेरोंनी हात धरून हळूहळू फिरवला, जिथे अडकतो तिथे थांबले आणि पहिला प्रश्न केला की साखर आहे का? ही पटकन म्हणाली, आहे. गोळ्या चालू आहेत का? आहेत. मधुमेह्यांचा खांदा असा धरतो हे तू मला आधीच सांगितलं होतंस, तेच इथे अंगणात बसून ऐकलं. मग त्यांनी लवंग, आलं आणि तांदूळ तोंडात चावून बारीक केले आणि फुर्रकन खांद्यावर उडवले. याला सिंबूह म्हणतात. हिने डोळे मिटून घेतले. मला आधी ओलसर गार लागलं, मग हळूहळू ऊब चढत गेली. घरी लावायला बोरेह दिलं. तांदूळ, लवंग, आलं, जायफळ वाटून केलेला तो लेप, शेतात राबून आलेली माणसं अंगाला लावतात तो. गोळ्या सोडू नका आणि डॉक्टरांनी सांगितलेले हाताचे व्यायाम करा, असं दोनदा बजावलं. उठताना बाबांचं विचारलं. शेवटच्या दिवसांत कोण उचलायचं त्यांना? मी म्हटलं, मीच, याच हाताने. ते काही बोलले नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवून बसले. त्या वेळी मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाबा गेल्यापासून तसा रडलोच नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. हात अजून पूर्ण वर जात नाही, पण रात्रीची कळ कमी आहे.

तुझा उल्लेख मी तिथे केला. माझा मित्र वैद्य आहे, त्याचे आजोबाही वैद्य होते, असं सांगितल्यावर जेरो आत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. आत लोंतार. ताडाच्या पानाच्या अरुंद पट्ट्या, लोखंडी टोकाने कोरलेली अक्षरं, त्यात काजळी चोळून काळी केलेली, मधल्या भोकातून दोरा ओवलेला. त्यातला एक ग्रंथ तारू प्रमाणा. गोष्ट अशी की म्पू कुतुरान नावाच्या ऋषीच्या हातचा गुण गेला, रोगी बरे होईनात. तो स्मशानात तपाला बसला आणि झाडं एकेक करून त्याच्यापुढे येऊन बोलू लागली. मी अमुक, माझं मूळ उष्ण, पान थंड, साल मध्यम, माझ्या चिकाने हे बरं होतं. पानामागून पान हेच चालतं. तुला तक्षशिलेच्या जीवकाची गोष्ट आठवेल, औषध नसलेली वनस्पती शोधायला गेलेला आणि रिकाम्या हाताने परतलेला. मला तर "अमन्त्रमक्षरं नास्ति नास्ति मूलमनौषधम्" हीच ओळ आठवत राहिली, मंत्र नाही असं अक्षर नाही आणि औषध नाही असं मूळ नाही, कारण इथे अक्षर आणि मूळ दोन्ही एकाच पेटीत होती. औषधांच्या पानांशेजारी कापडावर काढायची मंत्राक्षरंही कोरलेली.

या ग्रंथांत जागोजागी ताकीद असते की हे वाटेल त्याला सांगू नये. तरीही ते बंद पेटीत कुजत पडलेले नाहीत. 210 दिवसांच्या चक्रातल्या शेवटच्या शनिवारी सरस्वतीचा दिवस असतो. त्या दिवशी सगळे लोंतार काढून पुसतात, पूजेला मांडतात आणि वाचत नाहीत, आपण दसऱ्याला पाटी-पुस्तकं मांडतो तसंच. पान फाटायला आलं की नव्या पानावर उतरवून घेतात. उत्तरेला सिंगाराजात 1928 साली सुरू झालेलं गेदोंग कीर्त्या नावाचं ग्रंथालय आहे, तिथे हजारोंनी लोंतार आणि त्यांच्या नकला जपल्यात.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नकोस. निस्कालाच्या नावाखाली भीतीही वाढते. आजारपण कुणीतरी केलं, शेजारणीने, जावेने, असा संशय इथे घराघरांत आहे, आणि एखाद्या बालियानने त्याला खतपाणी घातलं की घरं तुटतात. मनाने आजारी माणसांना बांधून ठेवण्याच्या प्रथेवर इंडोनेशिया सरकारने 1977 सालीच बंदी घातली, पण ती पुरती गेली नाही. लुह केतुत सुर्यानी या बालीच्याच मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा बांधलेल्या माणसांसाठी खूप काम केलं आहे. त्यांनी बालियानांना हिणवलं नाही. माणसाला त्याच्या घरादारासकट, देवापितरांसकट समजून घ्यायची त्यांची रीत आपल्या शास्त्रात आणली. मला ही वाट पटते. आमचे जेरोही त्या हेल्मेटवाल्या मुलाला काही वेळ बोलून झाल्यावर म्हणाले, माझ्याकडे येत राहा, पण आधी दवाखान्यात जा. आणि त्याच्या बापाला बोलावून तेच पुन्हा सांगितलं.

आता तुझ्यासाठी. आजोबांचं ते मोडीतलं बाड अजून माळ्यावर आहे ना, लाल फडक्यात बांधलेलं? मागे एकदा तू म्हणालास, वेळ मिळाला की बघू. दोस्ता, वेळ काढ. तुला मोडी वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस मी शोधतो, पुण्यात मोडीचे वर्ग चालतात. आधी कसर लागली आहे का तेवढं बघ, उन्हात टाकू नकोस, सावलीत पसरून ठेव आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठव. त्यात लहान मुलांच्या रात्रीच्या रडण्यावर काय लिहिलंय ते मला फार जाणून घ्यायचं आहे, इथे जावयाला तसं कबूल करून बसलोय.

आणि एक विचारायचं राहिलं. बोरेहमध्ये इथे केंचूर नावाचं एक कंद घालतात, कापराच्या वासाचं, आल्यापेक्षा लहान. आपला कचोरा तो हाच का? वाळवलेलं थोडं आणतोय, बघून सांग. आंबाड्याच्या पानांचं एक आंबट-तिखट पेय इथे मिळतं, लोलोह चेमचेम, तेही काकूंना सांग. त्यांच्या कोकणातल्या घरी ते झाड होतं ना!

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण. ही लिहायला सांगतेय की पांगारा तुमच्याकडे कुंपणाला आहे, तो तोडू देऊ नका.

तुझा,
मित्र